मास्तरांचा युरिया सव्वीस

वसईत ऐंशी सालाच्या आगेमागे एक माणूस रोज सकाळी साडेसातला रबरी नळीचं एक टोक दातांत धरून स्वतःचाच डावा दंड आवळायचा आणि उजव्या हातानं स्वतःच्याच शिरेत सुई घालून पाच सीसी रक्त काढून घ्यायचा. पाऊस असो, ताप असो, घरी पाहुणे असोत. पारनाक्याजवळच्या त्या दोन खोल्यांच्या लॅबोरेटरीत हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, हा माणूस एक तर फार मोठा आहे नाहीतर ठार वेडा आहे. पुढे सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आणि दोन्ही खरं आहे असं माझं मत झालं.

लोक त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढून ते वसईला आले होते. पण पेशंटच्या हातात रिपोर्ट देताना ते त्याला उभं करून समजावत, मध्येच प्रश्न विचारत आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, म्हणून मास्तर. मी त्यांना सर म्हणायचे. ते मला बाई म्हणत आणि अहोजाहो करत. मी बावीस वर्षांची, नंदाखालच्या वाडीतून आलेली, लॅब टेक्निशियनचा कोर्स नुकता संपवलेली. घरी मला कुणी धड नावानंही हाक मारत नव्हतं. त्यामुळे पहिले काही दिवस ‘बाई’ अशी हाक आली की मी मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघायचे.

मुलाखतीला गेले तेव्हा सर्टिफिकेट त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. विचारलं, “तुमचा युरिया किती?”

“माझा? माहीत नाही, सर.”

“स्वतःचा माहीत नाही आणि लोकांचा काढणार? बसा.”

बसले. त्यांनी रक्त काढलं, तपासलं आणि तासाभरानं म्हणाले, “बावीस. उत्तम. उद्यापासून या.” नोकरी मला मूत्रपिंडांच्या गुणवत्तेवर मिळाली, असं मी पुढे सगळ्यांना सांगत असे.

आता त्या रोजच्या सुईबद्दल. रक्तातली साखर किंवा मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा युरिया मोजायचा तर रक्तातलं पाणी वेगळं काढून त्यात औषधं घालतात, उकळतात, आणि जो रंग येतो त्याची मशीनवर तुलना करतात. तुलना कशाशी, तर ठरावीक ताकदीच्या एका द्रावणाशी. त्याला स्टँडर्ड म्हणतात. पण ते द्रावणच बिघडलं असेल तर? म्हणून रोज आणखी एक रक्त तपासायचं, ज्याचा आकडा आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्याला कंट्रोल म्हणतात. ते बरोबर आलं की समजायचं, आज सगळं बरोबर आहे. हल्ली हे कंट्रोल परदेशातून छोट्या बाटल्यांतून येतं. त्या काळी आमच्यासारख्या लॅबला ते परवडणारंही नव्हतं आणि मिळणारंही नव्हतं. सरांनी त्यावर साधा उपाय काढला होता. कंट्रोल म्हणजे ते स्वतः. साखर चौऱ्याऐंशी, युरिया सव्वीस. बारा वर्षं हे आकडे एखाद-दुसऱ्या अंशापलीकडे हलले नव्हते, आणि याचा त्यांना जो अभिमान होता तो लोकांना आपल्या मुलांचा असतो.

हा अभिमान त्यांनी फुकट मिळवला नव्हता. रोज संध्याकाळी सात वाजता भात, वरण, अर्धी भाकरी आणि दुधीची नाहीतर पडवळाची भाजी. जन्माचा मासेखाऊ माणूस, पण मासळीनं युरिया चढतो म्हणून मासे फक्त शनिवारी, कारण रविवारी लॅब बंद. लग्नाला जात, अक्षता टाकत आणि उपाशी परत येत. आमच्या गावातल्या एका लग्नात यजमानानं हट्टानं पानात जिलबी वाढली, तेव्हा हे हात जोडून म्हणाले, “अहो, उद्या सकाळी सबंध वसईची परीक्षा माझ्यावर आहे.” यजमानाला काही कळलं नाही. त्यानं आणखी एक जिलबी वाढली.

सकाळी घरात भांडणसुद्धा करायचं नाही, असा नियम होता. रागानं साखर वाढते. सरांच्या बायको, आमच्या काकू, मला म्हणायच्या, “अगं पोरी, माझा संसार मापाच्या भांड्याशी झालाय. सांडायचं नाही, हलवायचं नाही, ओरडायचं नाही.” पण सात वाजता वरणभाताचं ताट मात्र बारा वर्षांत एकदाही उशिरा लागलं नव्हतं.

मुंबईच्या जुन्या ओळखीतून ते इस्पितळाच्या लायब्ररीतली जुनी मासिकं आणत. जाड भिंगाचा चष्मा कपाळावर चढवून वाचत आणि वाचलेलं दुसऱ्या दिवशी पहिल्या पेशंटवर रिकामं करत. पाचूबंदरची रोजामावशी हा त्यांचा लाडका बळी होता. मासे विकणारी, साठीची, दंडानं माझ्या दुप्पट. तिला बरीच वर्षं मधुमेह. तपासणीच्या आधी तीन दिवस कडक पथ्य करायची, साखर छान आणायची आणि रिपोर्ट सुनेला दाखवून पुन्हा गोडधोड सुरू करायची. एक दिवस सरांनी तिला समोर बसवलं.

“रोजा, आता नवीन शोध लागलाय. साखर नुसती रक्तात फिरत नाही. रक्तातल्या लाल रंगाला चिकटते आणि दोन-तीन महिने तिथंच बसून राहते. तीन दिवस उपास केलास तरी मागचं सगळं दिसणार.”

रोजामावशीनं संशयानं स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. “कोन बगनार?”

“मशीन.”

“इत्तं हाय ती मशीन?”

“इथं नाही. अजून मुंबईतसुद्धा फारशी नाही.”

“मग ऱ्हाऊ दे,” मावशी म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली. सर दिवसभर हसत होते. मला म्हणाले, “येईल हो ती मशीन वसईला. मी असेन नसेन, पण ही म्हातारी पकडली जाणार.”

त्यांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार यायचा, निरोप. “बाई, रिपोर्ट म्हणजे रक्तानं डॉक्टरला पाठवलेला निरोप. आपण नुसते पोचवणारे. त्यात आपलं काही मिसळायचं नाही.” म्हणून रजिस्टरात दोन रकाने असत. मशीननं दाखवलेला आकडा पेन्सिलनं, आणि रिपोर्टवर दिलेला आकडा शाईनं. खाडाखोड अजिबात चालत नसे. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.

माझ्या चौथ्या वर्षी पावसाळ्यात कंट्रोलचा युरिया तीस आला. मग तेहतीस. गणपतीपर्यंत अडतीस.

सरांचं निदान तयार होतं: स्टँडर्ड बिघडलं. यात चुकीचं काहीच नव्हतं, कारण स्टँडर्ड फिकं पडलं की सगळ्यांचेच आकडे फुगतात. त्यांनी ते ओतून दिलं, नवं केलं. कंट्रोल एकोणचाळीस. मग तराजूची वजनं तपासली. मग पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं. मशीनचा दिवा बदलला. विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून वीज मंडळाला सविस्तर अर्ज केला, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. स्टँडर्ड करायची युरियाची पूड हवेतलं पाणी पिते म्हणून बाटली बदलली. कंट्रोल बेचाळीस. शेवटी दमून म्हणाले, “बाई, आता या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. बाटली खोटं बोलेल. रक्त बोलत नाही.” आणि त्या दिवसापासून त्यांनी हिशेबाची एक दुरुस्ती सुरू केली. आपलं रक्त सव्वीसवर यावं म्हणून जेवढं कमी करावं लागे, त्याच प्रमाणात सगळ्या पेशंटचे आकडे कमी करायचे. पेन्सिलच्या रकान्यात मोठा आकडा, शाईच्या रकान्यात लहान. मी रोज ते लिहीत होते. चार वर्षांची टेक्निशियन, आणि मला एकदाही शंका आली नाही. सव्वीस म्हणजे सर आणि सर म्हणजे सव्वीस, हे माझ्याही डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं.

दोन महिने हे चाललं.

मग एका बुधवारी सर रसायनं आणायला मुंबईला गेले. सकाळी घाईत निघाल्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदाच कंट्रोलचं रक्त काढायचं राहिलं. मी विचार केला, माझा बावीस आहे, एक दिवस माझं चालेल. रबरी नळी दातांत धरली. पहिल्यांदा शीर चुकली, दुसऱ्यांदा सापडली. त्यांच्यासारखं सहज जमलं नाही, पण जमलं. माझं रक्त मशीनवर लावलं. कुठलीही दुरुस्ती न करता आकडा आला तेवीस.

मी पुन्हा केलं. तेवीस. स्टँडर्ड ठीक होतं, तराजू ठीक होता, पाणी, दिवा, बाटल्या, वीज मंडळ, सगळे निर्दोष होते. फ्रिजमध्ये सरांचं आदल्या दिवशीचं रक्त उरलं होतं. मग त्याच पाण्यात, त्याच वेळेला दोघांच्या नळ्या शेजारी शेजारी उकळल्या. माझी फिकी गुलाबी झाली. त्यांची गडद. मोजली तर बावन्न.

मी तिथंच स्टुलावर बसले. आईशपथ सांगते, त्या क्षणी मला वसईतल्या एकाही पेशंटची आठवण झाली नाही. मला फक्त वरणभाताचं ताट दिसत होतं.

दुपारी सर परत आले. ते यायच्या आत मी तशाच दोन नळ्या नव्यानं करून खिडकीपाशी स्टँडमध्ये उभ्या केल्या होत्या. तोंडानं सांगायचं धैर्य मला नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून पाहिलं.

“ही फिकी कुणाची?”

“माझी.”

“दुरुस्तीशिवाय?”

“दुरुस्तीशिवाय. तेवीस.”

दुसरी कुणाची हे त्यांनी विचारलं नाही. मग पिशवीतून बाटल्या एकेक काढून कपाटात लावल्या, हात धुतले आणि म्हणाले, “किती रिपोर्ट गेले?”

मला रडू फुटलं. मी म्हटलं, “सर, आधी तुम्ही डॉक्टरकडे चला.”

“मी कुठं पळून जातोय? रजिस्टर काढा.”

नशीब की पेन्सिलचा रकाना होता. संध्याकाळपर्यंत दोघांनी बसून दोन महिन्यांची पानं तपासली. बहुतेकांना काही फरक पडत नव्हता. निरोगी माणसाचा आकडा आम्ही जास्तच निरोगी करून पाठवला होता, एवढंच. पण चौदाजण असे निघाले, ज्यांना आम्ही ठीक म्हटलं होतं आणि ते ठीक नव्हते. त्यात रोजामावशी होती. पेन्सिलनं अडुसष्ट, शाईनं चाळीस.

मी सुचवलं, नवे रिपोर्ट करून पोस्टानं पाठवू. सरांनी रजिस्टर मिटलं. “चुकीचा निरोप मी उभं करून समजावून सांगितला होता, बाई. आता बरोबर निरोप पाकिटात घालून टाकू?”

पुढचे चार दिवस आम्ही टांग्यातून, एसटीतून आणि पायी चौदा घरं फिरलो. प्रत्येक दारात तेच वाक्य. “मी दिलेला रिपोर्ट चुकला. चूक माझी. हा खरा आकडा, आजच डॉक्टरांना दाखवा.” आपण स्वतः आजारी आहोत हे त्यांनी कुठंही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर लोक विरघळले असते, आणि तेच त्यांना नको होतं. पापडीच्या एका रिटायर्ड हेडक्लार्कनं त्यांना ओटीवरसुद्धा चढू दिलं नाही, रस्त्यावरची माणसं थांबतील इतक्या आवाजात तो बोलला. सर मान खाली घालून सगळं ऐकून घेत उभे राहिले. मला मात्र राहवलं नाही. मी तोंड उघडलं, तर सरांनी माझं मनगट धरलं. “त्यांचं बरोबर आहे,” म्हणाले.

पाचूबंदरला रोजामावशी वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूंवर, बोंबील टाकत होती. आम्हाला पाहून तिचे हात थांबले.

“मास्तर, तू सवता आलास? कोन गेलं का काय?”

सरांनी सांगितलं. मावशीनं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. पाय सुजले होते, घोट्यापाशी बोटाचा खड्डा पडेल असे. “मी सुनंला बोलत होते, पाय भरलेत. ती बोलली, मास्तरचा कागद चांगला हाय.”

“कागद खोटा होता, रोजा.”

“तू खोटा कागद देशील व्हय?”

तेव्हा मी मध्ये पडले आणि जे सर सांगत नव्हते ते सांगून टाकलं. सर रागावले, पण उशीर झाला होता. रोजामावशीनं हातातले बोंबील वलांडीवर टाकले, मग पदराला हात पुसत म्हणाली, “मंजी तुजं पन रगत बिगडलं. मग उद्या दोगंबी जाऊ डाक्टरकडं. तू एकला नाय जानार, मला ठावं हाय.”

आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच डॉक्टरांच्या बाकावर ही दोघं शेजारी शेजारी बसली होती. मावशीची औषधं वेळेत बदलली गेली. ती पुढे बरीच वर्षं जगली आणि मरेपर्यंत सुनेला चुकवून गोड खात राहिली. सरांना डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुंबईनं सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू आटत चालली आहेत, पथ्य पाळा, दुसरं फारसं काही करता येणार नाही.

गावात व्हायचं ते झालं. मास्तरांचे रिपोर्ट चुकले, ही बातमी आम्ही स्वतःच चौदा घरांत पोचवली होती, तिला पाय फुटायला कितीसा वेळ? एका डॉक्टरांनी पेशंट पाठवणं बंद केलं. काही महिने बाकडी रिकामी असत. हळूहळू लोक परत आले. का आले ते मी विचारलं नाही, पण मला वाटतं, चूक सांगायला घरी येणारा लॅबवाला त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

कंट्रोलची जागा रिकामी झाली होती. सर म्हणाले, “एका माणसावर भरवसा ठेवायचा नाही, हे मला उशिरा सुचलं.” म्हणून चौघांचं रक्त एकत्र मिसळून वापरायचं ठरलं. मी, शेजारचा शिंपी, पोस्टमन आणि काकू. काकूंचं रक्त मी काढत होते तेव्हा त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “चला, अखेर माझा नंबर लागला.” सर लाजले. मी त्यांना लाजताना पाहिलं ते तेवढंच.

त्या वर्षी नाताळला ते आमच्या घरी आले. माझ्या आईनं ताट पुढे केलं आणि सवयीनं पुन्हा मागे घ्यायला लागली, कारण मास्तर काही खात नाहीत हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी ताट धरून ठेवलं. दोन फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोड गोळे, खाल्ले, करंजीसारखी नेवरी खाल्ली, बोटं चाटली आणि आईला म्हणाले, “हे असं असतं होय!” आई आत जाऊन डोळे पुसून आली.

पुढची दोन वर्षं ते चढउतार करत जगले. शेवटचे तीन-चार महिने अंथरुणावर होते. दर मंगळवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन रक्त काढायचे, आणून तपासायचे आणि संध्याकाळी रिपोर्ट नेऊन द्यायचे. खाली सही माझी. त्यांच्या नावाचे आकडे मी रजिस्टरात लिहीत होते, ऐंशी, एकशे दहा, एकशे अठ्ठेचाळीस. मुंबईच्या डॉक्टरांनी एक नवं पथ्य आणि नवी औषधं दिली होती, त्यावर काकूंची फार आशा होती. त्यानंतरच्या मंगळवारी आकडा आला दोनशे बारा.

त्या संध्याकाळी काकूंनी दार उघडलं आणि मोठ्या आशेनं माझ्या तोंडाकडे बघितलं. रिपोर्ट मी लॅबमधून निघण्याआधीच बदलला होता. त्यावर एकशे दहा लिहिलं होतं. काकूंनी देवापुढे निरांजन लावलं. सरांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि बाजूला ठेवला.

शुक्रवारी काकू धापा टाकत लॅबमध्ये आल्या. “अगं पोरी, मशीनचा दिवा बघ म्हणतायत. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. अंगाला खाज, मळमळ, डोळा लागत नाही, आणि सारखं एकच, हे सगळं एकशे दहात बसत नाही, मशीन बिघडलंय, लोकांचे रिपोर्ट परत चुकतायत, परत माझ्यामुळे चुकतायत.”

मी रजिस्टर उचललं आणि काकूंच्या पुढे धावत सुटले.

ते उशीला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा झाला होता. मी पलंगाशेजारी खाली बसले, रजिस्टर उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. पेन्सिलच्या रकान्यात दोनशे बारा होते. शाईच्या रकान्यात एकशे दहा. माझ्या हाताचे.

“सर, मशीन बरोबर आहे. मी खोटं लिहिलं.”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी चौकट धरली.

सरांनी तो आकडा वाचला. त्यांनी मला रागावावं, म्हणून मी वाट पाहिली. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. त्यांनी उशीखालून पेन काढून माझ्या हातात दिलं. “रेघ मारा,” म्हणाले. मी शाईच्या एकशे दहावर एक रेघ मारली, बाजूला दोनशे बारा लिहिलं आणि सही केली. अक्षर नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते. त्यांनी रजिस्टर जवळ ओढून आकडा बोटानं तपासला आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच उशीवर मान टाकली.

“म्हणजे मशीन ठीक आहे,” ते म्हणाले, आणि काकूंकडे वळून त्यांनी थोडी पेज मागितली.